राखुंडी, मशेरी आणि दातांची कीड : महाराष्ट्रातील दंतधावनाचा इतिहास

महाराष्ट्रातील घरांत टूथपेस्ट रुळण्यापूर्वी झाडाची काडी, राखुंडी आणि मशेरी ही दात घासण्याची साधने पिढ्यान्‌पिढ्या वापरली जात. त्यांपैकी काडीला आयुर्वेदाचा स्पष्ट आधार होता. दात स्वच्छ करण्याची क्रिया, म्हणजे दंतधावन, चरकसंहितेत सकाळ-संध्याकाळ अशी दोन वेळा सांगितली आहे. काडीचे टोक चावून मऊ करावे आणि हिरड्यांना इजा होऊ न देता दात घासावेत, असेही तेथे म्हटले आहे. सुश्रुतसंहितेने काडीची लांबी बारा अंगुळे ठरवून दिली. खैर, करंज, निंब, बाभूळ अशा तुरट किंवा कडू चवीच्या झाडांच्या काड्या गावोगाव वापरल्या गेल्या.

हिरड्यांना जपण्याचा हा दंडक पुढे लोकव्यवहारात मागे पडला. गोवऱ्यांची किंवा बदामाच्या टरफलांची राख वस्त्रगाळ करून, तीत मीठ, तुरटी, कापूर मिसळून केलेले मंजन म्हणजे राखुंडी. तिने दात गुळगुळीत व पांढरे दिसत, हा अनुभव खराच होता. त्यावरून मात्र जितके जोराने घासावे तितका दात निरोगी, असा समज रुजला. खरखरीत पूड बोटाने वर्षानुवर्षे रगडली की दाताचे कठीण बाह्य आवरण, म्हणजे दंतवल्क, झिजते, आतला पिवळसर थर उघडा पडतो आणि गार पाण्याची कळ येऊ लागते. ही कळ कमकुवत दातांची खूण मानून पुन्हा अधिक जोराने घासले जाई. अशा रीतीने उपायच रोगाला खतपाणी घालत असे.

दात पांढरे असणे हीच शोभा, ही कल्पनाही सार्वकालिक नव्हे. हिरड्यासारखे तुरट फळ आणि लोहाचा क्षार एकत्र आले की काळा रंग तयार होतो. अशा मिश्रणाने सुवासिनींनी दात काळे करणे हा एके काळी शृंगाराचा भाग होता. दातांना काळी पूड लावण्याची सवय आधीपासून असल्यामुळे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू, म्हणजे मशेरी, स्त्रियांच्या हाती सहज आली असावी, असे दिसते.

तंबाखू या भूमीत मुळात परकी आहे. पोर्तुगीज व्यापारामार्फत ती दख्खनमध्ये आली आणि सतराव्या शतकाच्या आरंभी मुघल दूत असद बेगने विजापूरहून ती अकबराच्या दरबारात नेली. ती दातांचे औषध कशी ठरली, याचे उत्तर निकोटिनच्या गुणधर्मात शोधता येते. पहिल्या काही दिवसांत मशेरीने तोंड सुन्न होते, दुखऱ्या दाताला क्षणभर उतार पडतो आणि तरतरी येते; पुढे ती न लावल्यास चैन पडत नाही, शौचालाही साफ होत नाही. व्यसनाची ही लक्षणे औषधाचा गुण म्हणून वाचली गेली आणि आईकडून लेकीकडे, सासूकडून सुनेकडे पोचली. घरकाम व शेतकाम एकाच वेळी उरकणाऱ्या बाईला दिवसातून दोन-चार वेळा मशेरी लावण्याच्या निमित्ताने बसायला मिळे. ही विश्रांतीसुद्धा त्या सवयीच्या मुळाशी आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष करून केलेला उपदेश वाया जातो.

दातदुखीचे कारण म्हणून जी कीड सांगितली जाई, तिचाही इतिहास असाच आहे. भुईरिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकून तोंडात धुरी घेतली जाई. उष्णतेने बी फुटून बाहेर पडणारा पांढरा अंकुर किड्यासारखा दिसे आणि कीड पडली असे रोग्याला वाटे. युरोपातही हा समज प्राचीन होता. पिएर फोशार या फ्रेंच वैद्याने 1728 मध्ये तो नाकारला, तर अमेरिकी दंतवैद्य विलोबी मिलर यांनी 1890 मध्ये बर्लिनमध्ये असे प्रतिपादन केले की अन्नातील पिष्ट व साखरेपासून तोंडातील सूक्ष्मजंतू आम्ल तयार करतात आणि त्या आम्लाने दात विरघळतो. वरचा दात काढल्यास नजर जाते, ही भीतीही निराधार आहे. वरच्या दातांची संवेदना वाहणारा मज्जातंतू आणि दृष्टीचा मज्जातंतू वेगवेगळे आहेत. उतारवयात दात आणि नजर एकाच सुमारास क्षीण होतात, एवढाच त्यांचा संबंध.

मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय 1933 मध्ये सुरू झाले, तरी ग्रामीण भागातील तोंडाच्या आजारांचे मोजमाप व्हायला आणखी काही दशके लागली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील फली मेहता आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातील 1,01,761 ग्रामस्थांची तपासणी करून तोंडाचा कर्करोग व त्याच्या पूर्वावस्था यांवरील निष्कर्ष 1972 मध्ये प्रसिद्ध केले. मुंबईतील 1,217 गरोदर स्त्रियांच्या 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मशेरीसह धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्यांच्या बाळांचे वजन सरासरी 105 ग्रॅमने कमी आढळले. दात बळकट करणारी म्हणून घेतलेली वस्तू गर्भातल्या बाळापर्यंत पोचत होती.

केंद्र शासनाने 1992 मध्ये दंतमंजन व टूथपेस्टमध्ये तंबाखू वापरण्यास बंदी केली आणि सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये ती वैध ठरवली. मात्र हा नियम कारखान्यात तयार होणाऱ्या मंजनाला लागू पडतो. बाजारातून सुटी तंबाखू आणून घरच्या तव्यावर भाजली जाते, तेव्हा त्या मशेरीवर ना सूचनापट्टी असते ना इशारा.