टिझार्डची पेटी

दुसऱ्या महायुद्धावर वाचायला बसलं की लढाया, सेनापती आणि रणगाडे यांचाच ढीग समोर येतो. मला मात्र गेले काही दिवस पत्र्याच्या एका काळ्या पेटीने पछाडलंय. वकील दस्तऐवज ठेवायला वापरत तसली पेटी.

१९४० चा ऑगस्ट. फ्रान्स पडलेला, ब्रिटनवर जर्मन विमानांचे हल्ले चालू, आणि अमेरिका अजून युद्धाबाहेर. ब्रिटनकडे शोध होते, पण ते हजारोंच्या संख्येने बनवायला कारखाने अपुरे. अमेरिकेकडे कारखानेच कारखाने. हिशोब सरळ वाटतो ना? पण गुपितं वाटून घ्यायची तर लष्करी खात्यांच्या पोटात गोळा येतो. चर्चिलही आधी नाखूश होता. द्यायचंच तर बदल्यात काहीतरी हवं! ब्रिटिशांचा डोळा होता बॉम्बचा नेम धरायच्या 'नॉर्डन' या अमेरिकन यंत्रावर. अमेरिकेने ते द्यायला साफ नकार दिला. आणि गंमत बघा, नॉर्डनच्याच कारखान्यातल्या हर्मन लँग नावाच्या माणसाने त्याचे आराखडे युद्धापूर्वीच जर्मनीला पोचवले होते. म्हणजे कुलूप होतं ते फक्त मित्रासाठी.

शेवटी हेन्री टिझार्ड या शास्त्रज्ञाचं म्हणणं मान्य झालं: अटी न घालता सगळं दाखवून टाकायचं. टिझार्ड विमानाने पुढे गेला. पेटी आली एडवर्ड बोवेन या तरुण वेल्श माणसाच्या गळ्यात. आत जेट इंजिनाचे आराखडे, अणुबॉम्ब शक्य आहे हे सांगणारं टिपण, आणि हातात मावेल एवढा तांब्याचा एक गोळा: मॅग्नेट्रॉन. रात्री हॉटेलात पेटी पलंगाखाली. सकाळी टॅक्सीवाला ती आत घेईना, म्हणून टपावर. युस्टन स्टेशनवर हमालाने ती खांद्यावर टाकली आणि गर्दीत असा सुटला की बोवेनची त्याच्यामागे धावताना पुरेवाट झाली. साम्राज्याची सगळ्यात मौल्यवान गुपितं, आणि भरवसा एका हमालावर! ऑगस्टअखेर 'डचेस ऑफ रिचमंड' बोटीने लिव्हरपूल सोडलं आणि ६ सप्टेंबरला पेटी कॅनडात हॅलिफॅक्सला सुखरूप उतरली.

त्या तांब्याच्या गोळ्याचं एवढं काय? बर्मिंगहॅम विद्यापीठात रँडल आणि बूट या दोघांनी तो फेब्रुवारी १९४० मध्ये पहिल्यांदा चालवला होता. सुमारे १० सेंटिमीटरच्या लहरींवर तो १० किलोवॅट शक्ती देत होता. अमेरिकन नळ्यांपेक्षा सुमारे हजारपट. लहर लहान म्हणून अँटेना लहान, आणि म्हणून रडार थेट विमानाच्या नाकात बसवता येणार. पाण्याबाहेर डोकं काढणारी पाणबुडीसुद्धा त्याला दिसणार.

पुढचा किस्सा मला सगळ्यात आवडतो. बेल प्रयोगशाळेने नमुन्याचा एक्स-रे काढला तर आत आठ पोकळ्या, आणि सोबतच्या आराखड्यात सहा! खळबळ. चौकशीअंती कळलं की बनवणाऱ्याने पहिले दहा नग आराखड्याप्रमाणे केले, अकराव्यात सात पोकळ्या करून पाहिल्या, बाराव्यात आठ. पेटीत आला होता बारावा. अमेरिकनांनी शहाणपणा केला, कागद बाजूला ठेवला आणि हातातल्या वस्तूची नक्कल केली. नुसते आराखडे पाठवून भागलं असतं, असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. त्याच वर्षी एमआयटीत 'रेडिएशन लॅबोरेटरी' उभी राहिली. युद्ध संपेपर्यंत तिथे सुमारे ४००० माणसं काम करत होती.

आणि मग? युद्ध संपलं, दार बंद. अणुसंशोधनात सहकार्य करण्याचा १९४३ चा क्वेबेक करार इतका गुप्त होता की अमेरिकन काँग्रेसला त्याची खबरच नव्हती. तिने १९४६ मध्ये मॅकमहन कायदा केला आणि अणुविषयक माहिती परदेशाला देणं जवळपास बंद झालं. अगदी ब्रिटनलाही. ब्रिटनने चरफडत स्वतःचा बॉम्ब बनवला आणि १९५२ मध्ये ऑस्ट्रेलियाजवळ फोडला. एकदा सुटलेलं गणित पैसे खर्चून पुन्हा सोडवायचं, दुसरं काय! स्पुटनिक उडाल्यावर अमेरिकेला मित्र आठवले आणि १९५८ मध्ये नवा करार झाला.

बाकी शस्त्रांचंही तसंच. १९७६ च्या कायद्यानंतर सुट्या भागापासून संगणक-प्रणालीपर्यंत परवान्यांचं जाळं. एफ-३५ विमानात ब्रिटनने कोट्यवधी डॉलर ओतले आणि २००६ मध्ये, आमच्याच विमानाची प्रणाली आम्हाला बघू द्या, म्हणून भांडावं लागलं. २००७ मध्ये अडथळे कमी करायचा करार झाला, तो अंमलात यायला २०१२ उजाडलं. पुढे २०२१ मध्ये 'ऑकस' आलं. अखेर १ सप्टेंबर २०२४ पासून ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाला बऱ्याचशा लष्करी तंत्रज्ञानासाठी दरवेळी अमेरिकेचा परवाना मागावा लागत नाही. बोटीने लिव्हरपूल सोडलं त्याला तोवर ८४ वर्षं झाली होती. वगळलेल्या गोष्टींची एक वेगळी यादी आहे म्हणा.