इंदूर पद्धत : एका खड्ड्याचा इतिहास

आपल्या शहराची ओळख काय, असे बाहेरगावच्या पाहुण्याने विचारले तर आपण बहुधा पोहे-जिलबी, सराफ्यातली रात्र, होळकरांचा राजवाडा आणि अलीकडे स्वच्छता, एवढे सांगून मोकळे होतो. परंतु गेली नव्वद वर्षे जगातल्या अनेक देशांत 'इंदूर' हा शब्द एका वेगळ्याच कारणासाठी उच्चारला जातो. सेंद्रिय शेतीचा अभ्यास करणाऱ्याला 'इंदूर पद्धत' म्हटले की कंपोस्ट खत आठवते. ही पद्धत आपल्याच शहरात तयार झाली आणि तिच्यावरच्या मूळ ग्रंथाच्या दोन लेखकांपैकी एकाचे आडनाव वाड होते, हे मात्र आपल्या पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेल्या घरांतही फारसे कुणाला ठाऊक नसते. मलाही ते पन्नाशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हते.

आज हा विषय घेण्याचे निमित्त घरगुती आहे. माझी पुतणी इथल्या एका व्यवस्थापन संस्थेत शिकते. एका रविवारी जेवताना ती 'डिझाइन थिंकिंग' म्हणजे काय ते सांगत होती. वस्तू ज्याला वापरायची आहे त्याला आधी समजून घ्या, त्याची अडचण नेमकी ठरवा, उपाय सुचवा, कच्चा नमुना करा, वापरून पाहा, चुका दिसल्या की पुन्हा मागे जा. तिची सगळी उदाहरणे अमेरिकेतली होती. मी तिला म्हटले, याचे एक चांगले उदाहरण आपल्या कृषी महाविद्यालयाच्या शेतात घडले आहे. ती हसली. तिला जे सांगितले तेच आज विस्ताराने आपल्यापुढे मांडतो.

अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्लंडमधल्या शेतकरी घराण्यातले. जन्म १८७३ चा. १९०५ मध्ये ते बिहारमधल्या पुसा येथील सरकारी कृषी संशोधन संस्थेत वनस्पतितज्ज्ञ म्हणून आले. त्यांच्या पत्नी गॅब्रिएल याही केंब्रिजमध्ये शिकलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या आणि नवऱ्याच्या बरोबरीने संशोधन करत होत्या. दोघांनी गव्हाच्या सुधारलेल्या जाती काढल्या, नाव मिळवले. पण पुशात एक गोष्ट हॉवर्डना सलत राहिली. तिथे बुरशीचा तज्ज्ञ वेगळा, किडीचा वेगळा, मातीचा वेगळा. पीक मात्र एकच, आणि ते पिकवणारा शेतकरीही एकच. पिकाकडे सबंध पाहणारा कुणी नव्हता. हॉवर्डनी शेजारच्या शेतांकडे पाहायला सुरुवात केली. तिथले शेतकरी औषधे न मारता निरोगी पिके कशी घेतात, हे ते बघत राहिले. शेतकरी आणि पिकावरची कीड हेच माझे खरे प्राध्यापक, असे ते पुढे आयुष्यभर सांगत.

आम्हा होमिओपॅथांना ही तक्रार ओळखीची वाटते. आमच्या शास्त्रावर मतभेद आहेत आणि ते मिटवायची ही जागा नव्हे. पण रुग्णाची हकिगत पूर्ण ऐकल्याशिवाय औषधाच्या पेटीला हात लावायचा नाही, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. हॉवर्डना अशी पूर्ण हकिगत ऐकायला जागा हवी होती. ती त्यांना इंदूरने दिली.

१९२४ मध्ये इथे 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री' सुरू झाली. पैसा मुख्यतः कापसाच्या मध्यवर्ती समितीचा आणि मध्य भारतातल्या संस्थानांचा. जमीन, सुमारे तीनशे एकर, होळकर दरबाराची. माझे आजोबा वऱ्हाडातून कापसाच्या व्यापारासाठीच इंदूरला आले होते, त्यामुळे त्या काळात या शहराचा श्वास कापसावर कसा चाले हे मी घरात ऐकले आहे. समितीला कापूस सुधारून हवा होता. हॉवर्ड दांपत्याचे म्हणणे असे की नुसती जात सुधारून भागणार नाही. माळव्याच्या काळ्या मातीला सेंद्रिय खत मिळाले नाही तर चांगली जातही फळणार नाही.

आता अडचण काय होती ते नीट पाहू, कारण सगळे पुढचे काम त्या नेमकेपणातून निघाले. शेतकऱ्याकडे विकतचे खत घ्यायला पैसा नव्हता. जळण नसल्याने शेणाच्या गोवऱ्या थापल्या जात. बैलांचे मूत्र गोठ्यातच जिरून वाया जाई. कापसाच्या पऱ्हाट्या आणि तुरीच्या तुराट्या इतक्या कठीण की कुजता कुजत नसत. आणि उन्हाळ्यात सगळे कोरडेठाक, पावसाळ्यात चिखल. 'शेण जाळू नका' असा उपदेश करणारे पुष्कळ होते. पण चूल कशावर पेटवायची, याचे उत्तर त्यांच्यापाशी नव्हते.

हॉवर्ड आणि त्यांचे रसायनशास्त्रातले मुख्य सहायक यशवंत वाड यांनी शेतकऱ्याला दोष दिला नाही. त्याच्यापाशी आहे तेवढ्यातच बसेल अशी रीत त्यांनी शोधली. पऱ्हाट्या शेतातल्या गाडीवाटेवर पसरल्या. बैलगाड्यांच्या चाकांखाली आणि जनावरांच्या खुरांखाली त्या चिरडून मऊ झाल्या. मग त्याच पाल्यापाचोळ्यासह बैलांखाली अंथरल्या, म्हणजे रात्रभर मूत्र शोषले जाई. गोठ्याची जमीन मातीचीच ठेवली. मूत्राने भिजलेली माती वेळोवेळी खणून काढायची, तीही खताच्या कामी येई. शेण लागे, पण थोडे. दुधाला विरजण लावावे तितपत. शेण, राख, ती मूत्रमाती आणि आधीच्या खड्ड्यातले बुरशी धरलेले थोडे खत पाण्यात कालवून थरांवर शिंपडायचे. म्हणजे उरलेल्या शेणाच्या गोवऱ्या थापल्या तरी खत अडत नव्हते.

खड्डा साधारण तीस फूट लांब, चौदा फूट रुंद, पण खोल फक्त दोन फूट. खोली एवढीच का? कारण त्याखाली हवा पोचत नाही, आणि हवा नसली की कुजणे बिघडते, दुर्गंधी सुटते. ओलावा किती? पिळलेल्या स्पंजाइतका. भरल्यावर आतली उष्णता पासष्ट अंश सेल्सियसच्या आसपास चढे, मग हळूहळू उतरे. तीनदा वरखाली करायचे: पहिल्यांदा पंधरवड्याने, मग महिन्याने, मग दोन महिन्यांनी. आधी बुरशीचे राज्य, नंतर जिवाणूंचे. तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत, मातीचा वास असलेले खत तयार. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचू लागले तेव्हा तोच माल जमिनीवर आठ फूट लांब-रुंद ढिगांत रचायचा. खड्ड्याचा हट्ट धरला नाही. हत्यारे कोणती? फावडे, टोपली, बैलगाडी. गावात नाही असे काहीच नाही.

यातले सगळे त्यांनी नव्याने शोधले असे नाही. चीन-जपानमधले शेतकरी शतकानुशतके कचऱ्याचे खत करत आले होते आणि अमेरिकेतल्या एफ. एच. किंग यांचा त्यावरचा १९११ चा ग्रंथ हॉवर्डनी आदराने वाचला होता. इंग्लंडमध्ये रॉथॅमस्टेड येथे १९२१ च्या सुमारास रासायनिक विरजण लावून काडाचे खत करण्याची युक्ती निघाली होती. तिचे पेटंट घेतले गेले. वाडांच्या प्रयोगशाळेने या दोन्हींकडून घेतले. कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण किती असले की कुजणे नीट चालते, कुठल्या टप्प्यावर नत्र उडून जाते, हे मोजून शेतकऱ्याला सोप्या कृतीत दिले. रसायनशास्त्र प्रयोगशाळेत राहिले, शेतात फक्त 'पंधरवड्याने उकरा' एवढे पोचले. मला स्वतःला यातली सर्वांत अवघड पायरी हीच वाटते.

ती किती अवघड असते याचा धडा मला माझ्याच दवाखान्यात मिळाला. प्रॅक्टिस नवी होती, १९८५ च्या सुमारास. सांवेरकडच्या खेड्यातून एक म्हातारी येई. मी तिला तीन शिश्या दिल्या. सकाळी कुठली, संध्याकाळी कुठली, अडल्यास कुठली, हे चिठ्ठ्यांवर सुवाच्य लिहून चिकटवले. महिन्याने ती आली तेव्हा तिन्ही शिश्यांतल्या गोळ्या एकाच डबीत होत्या. सगळ्या पांढऱ्या, सगळ्या गोड. मी चिडलो. ती शांतपणे म्हणाली की मला वाचता येत नाही, आणि तीन शिश्या सांभाळण्यापेक्षा एक डबी बरी. चूक तिची नव्हती, माझी होती. मी तिचा आजार विचारला होता, पण ती दिवस कसा मोजते ते विचारले नव्हते. ती धार काढण्याआधी आणि दिवेलागणीला, अशा दोन वेळा जाणत होती. मग मी धारेच्या शिशीला लाल दोरा बांधला आणि दिवेलागणीच्या शिशीला काळा. तिसरी शिशी देणेच बंद केले. आजही माझ्या दवाखान्यात दोरे बांधूनच शिश्या जातात. कुठे शिकलात, असे कुणी विचारले तर मी त्या बाईचे ऋण सांगतो.

पुन्हा मूळ विषयाकडे. गॅब्रिएल हॉवर्ड १९३० मध्ये वारल्या. १९३१ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने शेतीतल्या टाकाऊ मालापासून खत करण्याविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध केला. मुखपृष्ठावर दोन नावे: अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत डी. वाड. त्या काळात साहेबाच्या ग्रंथात देशी सहायकाचे नाव बहुधा प्रस्तावनेतल्या आभारांत येई. इथे ते लेखक म्हणून आले. आणि पद्धतीचे पेटंट घेतले नाही. ज्याला हवे त्याने करावे, आपल्या हवामानाप्रमाणे बदलावे.

लोकांनी तसेच केले. केनियातले कॉफीचे मळे, सिलोन आणि आसामातले चहाचे मळे यांनी ती उचलली आणि आपापला पालापाचोळा, आपापला पाऊस पाहून बदलली. १९३५ मध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी गांधीजी इंदूरला आले तेव्हा त्यांनी ही संस्था जाऊन पाहिली आणि 'हरिजन'मधून या खताची माहिती लोकांपर्यंत पोचवली. हॉवर्डनी १९४० मध्ये लिहिलेल्या दुसऱ्या ग्रंथामुळे अमेरिकेत जे. आय. रोडेल आणि इंग्लंडमध्ये लेडी ईव्ह बाल्फोर यांना दिशा मिळाली. आजच्या सेंद्रिय शेतीच्या चळवळीचा एक धागा असा आपल्या शहरापर्यंत येतो.

हॉवर्ड १९३१ मध्ये इंदूर सोडून गेले. वाड राहिले. आणि इथून पुढचा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. संस्थेचे पुढचे प्रमुख जॅक्सन यांच्याबरोबर वाडांनी हीच रीत वस्तीतला कचरा आणि मैला यांना लावून पाहिली आणि १९३४ मध्ये त्यावर पुस्तिका काढली. शेतातला खड्डा शहराच्या वेशीवर आला. घाण नाहीशी कशी करायची या प्रश्नाऐवजी तिचा उपयोग कसा करायचा, हा प्रश्न त्यांनी धरला. पुढे १९३९ मध्ये बेंगळुरूला सी. एन. आचार्य यांनी शहरी कचऱ्यासाठी आणखी वेगळी रीत बसवली. तिच्यात वारंवार उकरण्याचा त्रास वाचला.

जैन घरात वाढल्यामुळे एक संकोच मी लपवत नाही. कुजणाऱ्या ढिगात असंख्य जीव असतात. तो उकरताना आमच्या घरात हात थबकतो. माझे पूर्ण समाधान झाले आहे असे म्हणणार नाही. पण एवढे दिसते की या पद्धतीचे सगळे काम त्या जीवांवरच चालते. त्यांना हवा, पाणी, अन्न बेताने मिळावे एवढीच माणसाची कामगिरी. 'जयणा' म्हणजे जपून, पाहून वागणे, हा शब्द आम्ही मंदिरात ऐकतो. तो इथेही लागू पडतो.

२०१७ पासून इंदूर सलग वर्षांनुवर्षे देशातले सर्वांत स्वच्छ शहर ठरत आले. घरोघरी ओला आणि सुका कचरा वेगळा होतो, आणि फेब्रुवारी २०२२ पासून देवगुराडियाला रोज साडेपाचशे टन ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारा कारखाना उभा आहे. याचे श्रेय महानगरपालिकेला, सफाई कामगारांना आणि सकाळी गाडीचे गाणे वाजताच दोन बादल्या घेऊन खाली उतरणाऱ्या घरोघरच्या बायामाणसांना आहे. १९३४ ची पुस्तिका वाचून हे झाले असा माझा दावा नाही. पण वाडांनी इथेच धरलेला प्रश्न आज आपण पुन्हा हातात घेतला आहे, एवढे खरे.

त्या जुन्या संस्थेच्या जागी आज कृषी महाविद्यालय आहे. शहराच्या मध्यावर उरलेल्या त्या शेताचे पुढे काय करायचे यावरून अलीकडे वाद झाले, विद्यार्थी आंदोलनाला बसले. निर्णय करणारे करतील. पण त्या जमिनीविषयी बोलताना तिथे काय घडले हे आपल्याला ठाऊक असावे, एवढी माझी विनंती आहे. आपण गायक, कवी, सरदार यांच्या जयंत्या साजऱ्या करतो, आणि कराव्यातच. त्या यादीत शेण आणि पऱ्हाट्या मोजत बसलेल्या एका रसायनतज्ज्ञालाही जागा हवी. इतकी वर्षे आपल्या सभांमध्ये बसून मी त्यांचे नाव एकदाही ऐकले नाही.

पुतणीला त्या रविवारी संध्याकाळी मी महाविद्यालयाच्या कुंपणापर्यंत नेले. तिने विचारले, यातली पहिली पायरी कुठली मानायची, खड्डा की प्रयोगशाळा? मी म्हटले, त्याही आधीची. पुशाला असताना हॉवर्ड शेजारच्या शेताच्या बांधावर बघत उभे राहिले, ती.