कृमी, काया आणि कारण



आदिलाबाद जिल्ह्याचा इतिहास सांगताना आपण १९४० साली जोडेघाटात धारातीर्थी पडलेल्या कोमराम भीमाचे स्मरण करतो. १९५६ साली राजुरा व किनवट हे तालुके या जिल्ह्यातून मुंबई राज्यात गेले, हेही सांगतो. परंतु अनवाणी राबणाऱ्या माणसाचे रक्त आतून शोषणारा अंकुशकृमी आपल्या इतिहासकथनात येत नाही. जे घरोघरी असते, ते रोग न वाटता प्रकृतीच वाटू लागते. ‘मुलांना जंत व्हायचेच’ हे आपले नित्याचे वाक्य त्याची साक्ष आहे.

प्राचीन वैद्यकाने हा विषय क्षुल्लक मानला नव्हता. चरकसंहितेच्या विमानस्थानात कृमींचे २० प्रकार मानून तीन उपाय सांगितले आहेत : अपकर्षण, म्हणजे कृमी बाहेर काढणे, प्रकृतिविघात, म्हणजे त्यांना पोषक अशी स्थिती मोडणे, आणि निदानपरिवर्जन, म्हणजे मूळ कारणच टाळणे. वावडिंग आणि पळसपापडी आपण घरात जपून ठेवली; तिसरा उपाय मात्र पोथीतच राहिला.

त्याचे सामर्थ्य नारूने सिद्ध केले. नारूवर ना लस होती, ना गुणकारी औषध. पाणी गाळून पिणे, पायऱ्यांच्या विहिरी बंद करणे, हातपंप बसविणे, अशा उपायांनी तो हटला. १९९६ नंतर देशात त्याचा रुग्ण आढळला नाही आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त ठरविला. नारू कातडी फोडून बाहेर येई, म्हणून त्याची धास्ती होती. आतड्यातील जंत दिसत नाहीत; म्हणून आजही जगात सुमारे १५० कोटी माणसे मातीतून येणाऱ्या कृमींनी बाधित आहेत.

२०१५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळा व अंगणवाड्यांतून १ ते १९ वर्षे वयाच्या मुलांना अल्बेंडाझोलची गोळी देतात. ती अवश्य द्यावी. पण ते अपकर्षण झाले. गोल कृमीची अंडी मातीत वर्षानुवर्षे तग धरतात आणि न धुतलेल्या हातांवाटे पोटात जातात. अंकुशकृमीची अळी उघड्या तळपायातून शिरते. गोळीने पोट साफ होते, माती होत नाही.

पैनगंगेपलीकडे, विदर्भात, गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) कीर्तनाआधी गाव झाडले. तो खराटा म्हणजे निदानपरिवर्जनच होते. शाळेत वापरता येईल असे शौचालय, हात धुण्यास पाणी व साबण आणि प्रत्येक मुलाच्या पायांत वहाण, एवढे माजी विद्यार्थ्यांनी पाहिले, तर या व्याख्यानाचे सार्थक झाले असे मी मानीन.