एका आण्याच्या ताटाची कुळकथा

पाच रुपयांचा बिस्किटपुडा वर्षानुवर्षं पाच रुपयांनाच मिळतो आणि हळूहळू हाताला हलका लागू लागतो. किंमत वाढवायची नसली की वजनाला कात्री लागते, हे गिऱ्हाइकाला बरोबर कळतं. ते चिडतं, दुकानदाराला बोलतं, दुसरा पुडा उचलतं. सरकारी पैशातून शिजणाऱ्या शाळेतल्या जेवणालाही हाच नियम लागू होतो. तिथलं गिऱ्हाईक मात्र सहा-सात वर्षांचं असतं आणि त्याला दुसरं दुकान नसतं. म्हणून या ताटाचं कूळ नीट तपासलं पाहिजे. ते कधी भरलं आणि कधी आटलं, याचा हिशेब त्यातच सापडतो.

सुरुवात मद्रासची. १९२० साली तिथल्या महापालिकेने थाउजंड लाइट्स भागातल्या शाळेत मुलांना दुपारचं खाणं द्यायचं ठरवलं. महापालिकेचे अध्यक्ष होते जस्टिस पक्षाचे नेते पी. त्यागराय चेट्टी. गरीब वस्तीतली मुलं शाळेत टिकत नव्हती आणि त्याचं मोठं कारण पोटात होतं. खाणं सुरू झालं, पट वाढला, आणखी काही शाळांत ते पोचलं. पण ठरावातच एक अट होती: एका मुलामागे दिवसाला एका आण्यापेक्षा जास्त खर्च होता कामा नये. मुलाला किती खायला मिळावं, यापेक्षा किती खर्चाच्या वर जायचं नाही, हे आधी ठरलं. पुढे तो आणाही जड झाला. प्राथमिक शिक्षणाच्या निधीतून हा खर्च करायला इंग्रज सरकारने हरकत घेतली आणि १९२५ मध्ये खाणं थांबलं.

तीस वर्षांनी त्याच प्रांतात के. कामराज मुख्यमंत्री असताना ते पुन्हा सुरू झालं. कामराजांची स्वतःची शाळा लहानपणीच सुटली होती. शिक्षण संचालक एन. डी. सुंदरवडिवेलु यांनी गावोगावच्या लोकांना हाताशी धरून धान्य आणि पैसा उभा केला आणि १९५६ पासून सरकारनेही आपला वाटा घातला. १ जुलै १९८२ रोजी मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन यांनी ही योजना गावागावांत नेली. भात वाटून मतं गोळा करायचा डाव, अशी टीका तेव्हा भरपूर झाली. एवढा पैसा आणायचा कुठून, असं अर्थखात्यातले लोकही विचारत होते. लहानपणी उपाशी राहिलेले रामचंद्रन मागे हटले नाहीत. त्यांच्यानंतर आलेल्या विरोधी सरकारनेही योजना मोडली नाही, उलट वाढवली. १९८९ मध्ये करुणानिधींच्या सरकारने पंधरवड्याला एक अंडं दिलं, १९९८ मध्ये आठवड्याला एक, आणि २०१० पर्यंत आठवड्याला पाच. दोन हाडवैरी पक्ष, पण मुलांच्या ताटात कोण जास्त वाढतो याची चढाओढ लागली. राजकारणातली इतकी चांगली चढाओढ क्वचितच पाहायला मिळते.

उरलेल्या देशाला मात्र बराच काळ कोरडाच शिधा मिळाला. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्राची योजना आली, पण बहुतेक राज्यांनी चूल पेटवलीच नाही. आपल्याकडे महाराष्ट्रात महिन्याला ८० टक्के हजेरी असली की तीन किलो तांदूळ पिशवीत मिळायचा. तो घरी जायचा आणि सगळ्या घरात वाटला जायचा. मुलाच्या वाट्याला त्यातलं किती यायचं, ते त्या घरालाच ठाऊक.

वळण आलं २००१ मध्ये. राजस्थानात दुष्काळ होता, लोक उपाशी होते आणि सरकारी गोदामं धान्याने ओसंडत होती. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ही संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशात न्यायालयाने सांगितलं की, सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक मुलाला वर्षातले किमान २०० दिवस शिजवलेलं जेवण मिळालं पाहिजे आणि त्यात किमान ३०० उष्मांक व ८ ते १२ ग्रॅम प्रथिनं असली पाहिजेत. या आदेशाचं मोल मला फार वाटतं. त्यात खर्चाची मर्यादा नव्हती, पोटाचं माप होतं. राज्यांनी टाळाटाळ केली, तारखा मागितल्या, पण चुली पेटल्या. राजस्थानात गव्हाची घूघरी शिजू लागली, आपल्याकडे खिचडी.

आज पहिली ते पाचवीच्या मुलाचं दिवसाचं माप असं आहे: १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. चाळीस पटाच्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेत खिचडीवाल्या मावशी सकाळी हे सगळं काढून बसतात. चार किलो तांदूळ, आठशे ग्रॅम डाळ, दोन किलो भाजी, पाव किलोही नाही इतकं तेल. तांदूळ केंद्राकडून फुकट येतो, तो वजनानेच येतो. बाकी सगळं पैशात बसवावं लागतं. ऑक्टोबर २०२२ पासून पुढची दोन वर्षं त्यासाठीचा दर मुलामागे दिवसाला ५ रुपये ४५ पैसे होता. त्याच काळात तूरडाळ दीडशेच्या पुढे गेली. डिसेंबर २०२४ मध्ये दर ६ रुपये १९ पैसे झाला, मे २०२५ मध्ये ६ रुपये ७८ पैसे. म्हणजे चाळीस मुलांची डाळ, भाजी, तेल, मीठ-मसाला आणि गॅस मिळून २७१ रुपये २० पैसे. तांदळाला या महागाईची झळ लागत नाही. आमटीत पाणी वाढतं, भाजीची जागा कांदा-बटाटा घेतो. वरचं माप कागदावर तसंच राहतं आणि कोणी चोरी न करताही ताट हलकं होतं. जे वजनात दिलं ते टिकलं, जे रुपयात दिलं ते आटलं. या शंभर वर्षांतून मला दिसतं ते हेच.

अंड्यावरचा वादही याच अंगाने पाहायला हवा. महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं. न खाणाऱ्यांना केळं किंवा स्थानिक फळ. काही संघटनांनी विरोध केला, शाळेत अंडं शिजूच नये म्हणाल्या. ज्यांच्या घरी अंडं चालत नाही त्यांच्या भावना खऱ्या आहेत आणि त्यांच्यासाठी केळ्याची सोय होतीच. पण ज्या मुलाला घरी अंडं परवडत नाही, त्याच्या ताटातून ते काढून घ्यायचा हक्क त्यामुळे कोणाला मिळत नाही. अंड्याचा मोठा गुण असा की त्यात पाणी घालता येत नाही. ते मिळालं की नाही, हे पहिलीतलं पोरही घरी येऊन सांगू शकतं. जानेवारी २०२५ मध्ये राज्याने अंड्याचा आणि गोड पदार्थाचा वेगळा खर्च उचलणं थांबवलं आणि ते लोकसहभागातून द्यावं असं शाळांना कळवलं. ज्या गावात वर्गणी जमू शकते, तिथल्या मुलांना बहुधा घरीही अंडं मिळतं. जिथे त्याची खरी गरज आहे, तिथे वर्गणी कोण देणार?

शाळेत ताट द्यावं की नाही, हा प्रश्न केव्हाच निकालात निघाला आहे, कायद्यानेही आणि अनुभवानेही. आता भांडायचं ते मापासाठी. प्रत्येक शाळेच्या भिंतीवर आजचं ताट ग्रॅममध्ये आणि नगात लिहिलेलं असावं, आईबापांना वाचता येईल अशा अक्षरांत. डाळीचा भाव वाढला की दर त्याच महिन्यात वाढावा, दोन वर्षांनी नव्हे. अंड्याचा खर्च सरकारनेच उचलावा. आणि शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांनी महिन्यातून एकदा तरी मुलांच्या पंगतीत बसून जेवावं. बिस्किटपुडा हलका झाला तर आपण दुकानात बोलतो, तसंच शाळेतही बोलावं.