अमेरिकेंतील सॉकरचा जमाखर्च

जगांतील बहुतेक देश ज्या खेळाला फुटबॉल म्हणतात, त्याला अमेरिकेंत सॉकर हें नांव आहे. हा शब्द अमेरिकनांनींच काढला असा पुष्कळांचा समज असतो. तो खरा नाहीं. इंग्लंडांतील विद्यार्थ्यांच्या बोलींत ‘असोसिएशन’ या शब्दाचा मधला तुकडा तोडून तो तयार झाला. इंग्लंडनें पुढें तो टाकला, अमेरिकेनें ठेवला. परंतु नांवाहून अधिक मौजेचा प्रश्न निराळाच आहे. ज्या देशांत पैशाचा तोटा नाहीं आणि बऱ्याच वेळां प्रेक्षकांचाही नव्हता, तेथें हा खेळ दोनदां भरभराटीस येऊन दोनदां बुडाला कां? आणि तिसऱ्या खेपेस जो टिकला, त्याची किंमत तेथील प्रेक्षकानें काय दिली?

पहिली भरभराट १९२१ सालीं सुरू झाली. त्या वर्षीं ‘अमेरिकन सॉकर लीग’ स्थापन झाली. तिचे संघ मुख्यतः ईशान्येकडील गिरण्यांच्या, गोद्यांच्या आणि पोलादी कारखान्यांच्या गांवांतले होते. मुंबईंत गिरण्या व बँका खेळाडूंना नोकरी देऊन आपापले संघ उभारीत. तशीच रीत तेथेंही होती. पेन्सिल्व्हेनियांतील बेथलेहेम स्टील कंपनी आणि ऱ्होड आयलंडमधील कोट्स यांची शिवणदोऱ्याची गिरणी स्कॉटलंडांतून खेळाडू आणवीत. कारखान्यांतील पगार आणि वर खेळाचा मेहनताना, असें दुहेरी आमिष असे. बेथलेहेमच्या आर्ची स्टार्क या खेळाडूनें १९२४-२५ च्या एका हंगामांत लीगमध्यें ६७ गोल केले.

परंतु त्या काळचा खरा प्रेक्षक पाहावयाचा तर तो फॉल रिव्हर येथें. मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील हें कापडगिरण्यांचें गांव. इंग्लंड, पोर्तुगाल आणि कॅनडाचा फ्रेंच मुलूख येथून आलेले मजूर तेथें नांदत होते. त्यांना मोकळा दिवस काय तो रविवार, आणि रविवारीं पैसे घेऊन खेळ करण्यास संस्थानच्या कायद्याची बंदी! संघाचा मालक सॅम मार्क यानें नामी तोड काढली. गांवाला लागूनच ऱ्होड आयलंड संस्थानची हद्द. ती ओलांडून नॉर्थ टिव्हर्टन येथें त्यानें सुमारें पंधरा हजार प्रेक्षकांचें मैदान बांधलें. कायदा हद्दीपाशीं थांबला, प्रेक्षक पुढें गेले. याच संघाचा, याच गांवांत जन्मलेला बर्ट पेटनॉड यानें १९३० सालीं पहिल्या जागतिक चषकांत पॅराग्वेविरुद्ध एकाच सामन्यांत तीन गोल केले. जागतिक चषकांतील हा त्या प्रकारचा पहिला पराक्रम होय, हें मान्य होण्यास मात्र २००६ साल उजाडावें लागलें!

मग हें सारें बुडालें कसें? भांडण लागलें तें अधिकाराचें आणि उत्पन्नाचें. राष्ट्रीय चषकाचे सामने हंगामाच्या मध्यें येत, आणि त्यांवर हुकूम चाले राष्ट्रीय असोसिएशनचा. १९२८ सालीं लीगनें आपल्या संघांना त्या स्पर्धेंत भाग घेण्यास मनाई केली. बेथलेहेमसह तीन संघांनीं ती मोडली. लीगनें त्यांना काढलें, असोसिएशननें लीगलाच बहिष्कृत केलें व शेजारीं दुसरी लीग उभी करविली. एकाच प्रदेशांत दोन लीगा, आणि प्रेक्षक तेवढेच! १९२९ च्या शरद्‌ऋतूंत समेट झाला, तोंच न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. १९३० सालीं पोलाद कंपनीनें आपला संघ मोडला. फॉल रिव्हरच्या गिरण्या तर आधींपासूनच बंद पडत होत्या. १९३१ सालीं मार्कनें संघ उचलून न्यूयॉर्कला नेला. १९३३ सालीं मूळ लीगही संपली. फॉल रिव्हरच्या प्रेक्षकाला कोणी कांहीं विचारलें नाहीं. विचारण्याची रीतही नव्हती.

यानंतर जवळजवळ पस्तीस वर्षें हा खेळ परदेशांतून येऊन स्थायिक झालेल्यांच्या वस्त्यांत जिवंत राहिला. १९५० सालीं ब्राझीलमधील बेलो ओरिझोंते येथें अमेरिकेनें इंग्लंडला १–० असें हरविलें, तरी मायदेशीं त्याचा फारसा गाजावाजा झाला नाहीं.

दुसरी भरभराट श्रीमंतांनीं विकत आणली. १९६८ सालीं ‘नॉर्थ अमेरिकन सॉकर लीग’ सतरा संघांनिशीं निघाली. दुसऱ्याच वर्षीं त्यांतले पांच उरले. त्या पांचांत डल्लसचा संघ होता व त्याचा एक मालक लामार हंट हा तेलसम्राटाचा मुलगा होता. त्याचें नांव पुढें पुन्हां यावयाचें आहे. १९७५ च्या जूनमध्यें न्यूयॉर्कच्या ‘कॉसमॉस’ संघानें पेलेला आणलें. त्यामागें वॉर्नर या करमणुकीच्या धंद्यांतील बलाढ्य कंपनीची थैली होती. १४ ऑगस्ट १९७७ रोजीं कॉसमॉसच्या सामन्यास ७७,६९१ प्रेक्षक लोटले. त्याच सप्टेंबरांत हा संघ कलकत्त्यास येऊन ईडन गार्डन्सवर मोहन बागानशीं २–२ असा बरोबरींत सुटला, हें अनेक भारतीय घरांत अजून सांगितलें जातें.

पण जें वॉर्नरला परवडे, तें इतरांना कसें परवडावें? संघांची संख्या चोवीसवर गेली आणि प्रत्येक मालक आपापला पेले शोधूं लागला. पगार चढत गेले. तिकिटांचें उत्पन्न मागें राहिलें. १९८० नंतर दूरचित्रवाणीचा मोठा करारही गेला. वॉर्नरचा दृक्‌खेळांचा धंदा १९८३ सालीं प्रचंड तोट्यांत आला, तेव्हां कॉसमॉसची थैलीही आटली. १९८४ च्या हंगामानंतर ही लीग इतिहासजमा झाली.

१९९४ चा जागतिक चषक अमेरिकेस देतांना आंतरराष्ट्रीय संघटनेनें अट घातली कीं, देशांत पहिल्या दर्जाची लीग निघाली पाहिजे. त्या स्पर्धेस प्रेक्षक अलोट आले, आणि १९९६ सालीं दहा संघांची ‘मेजर लीग सॉकर’ सुरू झाली. जुन्या पोळलेल्या मालकांनीं आतां ताक फुंकून प्यावयाचें ठरविलें. संघ स्वतंत्र नकोतच. सारी लीग हीच एक कंपनी, मालक तिचे भागीदार, खेळाडूंशीं करार करणारी लीग, आणि पगाराला कमाल मर्यादा. यामुळें आपली किंमत दाबली जाते म्हणून खेळाडू न्यायालयांत गेले. २००० सालीं ज्यूरीनें व २००२ सालीं वरिष्ठ न्यायालयानें लीगच्या बाजूनें निकाल दिला. तरीही तोटा थांबेना. २००२ सालीं फ्लॉरिडांतील दोन्ही संघ बंद करण्यांत आले. उरलेल्या दहांपैकीं सहा संघ एकट्या फिलिप अन्शुट्झच्या हातीं होते. ज्या प्रतिस्पर्ध्यावर प्रेक्षक घसा फोडून ओरडे, त्याचा मालकही पुष्कळदां तोच असे!

या व्यवस्थेंत तळाच्या संघाला युरोपांतल्याप्रमाणें खालच्या लीगमध्यें उतरावें लागत नाहीं. मालकाची गुंतवणूक सुरक्षित राहते. लहान गांवच्या संघाला मात्र केवळ विजयाच्या जोरावर वर चढतां येत नाहीं. वरची जागा विकत घ्यावी लागते. २००७ सालीं दाखल झालेल्या टोरांटोस ती सुमारें एक कोटि डॉलरना पडली. २०२३ सालीं सॅन डिएगोच्या मालकांनीं सुमारें पन्नास कोटि मोजले.

या सर्वांचा कस लागला तो ओहायो संस्थानांतील कोलंबस येथें. १९९७ सालीं तेथील मतदारांनीं क्रीडागृहांसाठीं कर देण्यास नकार दिला, तेव्हां तोच लामार हंट स्वतःचा पैसा घेऊन पुढें आला. आजवर संघ भाड्याच्या अफाट मैदानांत खेळत. सत्तर हजारांच्या जागेंत पंधरा हजार माणसें विखुरलेलीं दिसत आणि वाहनतळाचें व खाद्यपेयांचें उत्पन्न बहुधा मैदानवाल्याकडे जाई. हंटनें १९९९ सालीं सुमारें बावीस हजारांचें, केवळ सॉकरसाठीं मैदान बांधलें. दिसावयास तें साधें, बाकांचें, पण आपलें.

हंट २००६ सालीं वारला. २०१३ सालीं अँथनी प्रीकोर्ट यानें संघ विकत घेतला. दहा वर्षें संघ कोलंबसमध्येंच ठेवण्याची अट करारांत होती, परंतु टेक्ससमधील ऑस्टिन शहराचा त्यांत अपवाद होता. ही गोष्ट प्रेक्षकांना कळली ती २०१७ च्या ऑक्टोबरांत, संघ हलविण्याचा विचार जाहीर झाल्यावर. फॉल रिव्हरचे गिरणी-मजूर गप्प राहिले होते. कोलंबसचे प्रेक्षक राहिले नाहींत. त्यांनीं सभा भरविल्या, दुकानदारांचा पाठिंबा मिळविला, नवा मालक आल्यास हंगामाचीं तिकिटें घेऊं अशीं वचनें गोळा केलीं. सुदैवानें संस्थानांत एक कायदा होता. क्लीव्हलंडचा ‘ब्राउन्स’ हा अमेरिकन फुटबॉलचा संघ बाल्टिमोरला गेल्यावर १९९६ सालीं तो झाला होता. सार्वजनिक पैशाची मदत घेतलेल्या संघानें गांव सोडण्यापूर्वीं सहा महिन्यांची सूचना द्यावी व स्थानिकांना खरेदीची संधि द्यावी, असा त्याचा आशय. त्याच्या आधारें मार्च २०१८ मध्यें संस्थान व शहर यांनीं दावा लावला. २०१९ च्या आरंभीं संघ दोन कुटुंबांनीं घेतला. त्यांतलें एक स्थानिक. दुसरें, योगायोग असा कीं, क्लीव्हलंडच्या नव्या ब्राउन्सचें मालक! प्रीकोर्टला लीगनें ऑस्टिनसाठीं निराळा संघ दिला.

१२ डिसेंबर २०२० रोजीं हंटच्या त्या जुन्या मैदानावर कोलंबसनें सिॲटलला ३–० असें हरवून लीगचा चषक जिंकला. साथीच्या निर्बंधांमुळें आंत दीड हजारच प्रेक्षकांना प्रवेश होता. पुढल्या जुलैंत संघ नव्या मैदानांत गेला. त्याच्या खर्चांत शहर, जिल्हा आणि संस्थान यांच्या तिजोऱ्यांचाही वांटा होता. या वेळीं मतदारांना मात्र कोणी विचारलें नव्हतें.