पंच कोणाचा? गोतसभेपासून विश्वचषकापर्यंत : एक धागा

१९ जुलै १९३०, माँटेव्हिडिओ. पहिल्यावहिल्या फुटबॉल विश्वचषकात अर्जेंटिना आणि मेक्सिको हे संघ समोरासमोर उभे होते. सामन्याचे रेफरी होते उलिसेस सॉसेडो. हेच सॉसेडो त्या स्पर्धेत बोलिव्हियाच्या संघाचे प्रशिक्षकही होते. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या संघाचा ब्राझीलशी सामना होता.

अर्जेंटिनाने तो सामना ६–३ असा जिंकला. सॉसेडोंनी त्यात नेमक्या किती पेनल्टी दिल्या, यावर अभ्यासकांचे आजही एकमत नाही. बोलिव्हिया वेगळ्या गटात होता, त्यामुळे या निकालातून सॉसेडोंना थेट लाभ होण्यासारखा नव्हता. त्यांनी पक्षपात केला असे कोणी सिद्धही केलेले नाही. तरीही आजच्या वाचकाला ही नेमणूक खटकते. हितसंबंध गुंतलेल्या माणसाने प्रामाणिक निर्णय दिला, तरी त्या निर्णयावरचा संशय फिटत नाही.

या संशयावर माणसांनी वेळोवेळी कोणते उपाय शोधले, याचा हा धागा आहे. त्यातील काही महत्त्वाची पाने महाराष्ट्रात लिहिली गेली आहेत.

प्रथम ‘रेफरी’ हा शब्द पाहू. एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये प्रत्येक फुटबॉल संघ आपला पंच स्वतःच घेऊन येई. दोन संघ, दोन पंच, आणि दोघेही आपापल्या संघाची माणसे! हितसंबंध लपवण्याचा प्रश्नच नव्हता; ते उघडपणे मैदानावर उभे असत. दोघांचे पटले नाही की मैदानाबाहेर बसलेल्या तिसऱ्याकडे वाद सोपवला जाई. ज्याच्याकडे वाद सोपवायचा, तो रेफरी. १८९१ मध्ये नियम बदलले, हा तिसरा माणूस मैदानात आला आणि दोन्ही पंच रेषेबाहेर जाऊन ‘लाइन्समन’ झाले. योगायोग असा, की त्याच वर्षी मुंबईत रोव्हर्स चषकाची स्पर्धा सुरू झाली.

मराठीतील ‘पंच’ हा शब्द मात्र मैदानावर जन्मलेला नाही. तो चावडीवरून आला.

शिवकालात आणि पेशवाईत पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी अशा वतनांचे तंटे गोतसभेपुढे किंवा मजलसीपुढे चालत. गावचे पाटील, कुलकर्णी, शेजारच्या गावांचे वतनदार, बलुतेदार अशी सारी मंडळी बसे आणि निवाड्याचा महजर लिहिला जाई. पण गोत म्हणजे तरी कोण? वादी-प्रतिवादींचे सोयरे, भाऊबंद, शेजारी. कोणाचे शेत कोणाच्या बांधाला लागलेले, कोणाची मुलगी कोणाच्या घरात दिलेली. आजच्या भाषेत सांगायचे तर सभेतील निम्म्या सभासदांचे हितसंबंध गुंतलेले.

यावरचा तोडगा मोठा व्यवहारी होता. वाद जिथे चाले त्या जागेला ‘थळ’ म्हणत. स्थानिक सभा आपल्याला न्याय देणार नाही असे एखाद्या पक्षाला वाटले, तर तो परस्थळ मागू शके, म्हणजे वाद दुसऱ्या गावच्या सभेकडे न्यावा अशी विनंती करू शके. धर्मशास्त्राचे प्रश्न पैठण, नाशिक यांसारख्या क्षेत्रांतील ब्रह्मवृंदांकडे जात. थळ ठरले की दोन्ही पक्ष लेखी कबुली देत : ही सभा आम्हांस मान्य आहे, ती ठरवील त्याप्रमाणे वागू. या कबुलीला ‘राजीनामा’ म्हणत. आज नोकरी सोडताना आपण जो कागद देतो, त्याच्या नावाचा मूळ अर्थ ‘राजी असल्याचे पत्र’ असा आहे. निकाल लागल्यावर हरलेला पक्ष ‘येजितखत’ लिहून देई, म्हणजे आपण हरलो हे स्वतःच्या नावाने मान्य करी. सामना संपल्यावर रेफरीवर खापर फोडण्याची सोय त्यात कमी होती.

अर्थात ही व्यवस्था निर्दोष नव्हती. जिंकणाऱ्याकडून सरकार ‘हरकी’ घेई आणि हरणाऱ्याकडून ‘गुन्हेगारी’. म्हणजे कोणीही जिंको, खजिन्यात भर पडणारच. निवाड्याची व्यवस्था राखणाऱ्या सत्तेचाच तंट्यात आर्थिक हितसंबंध होता. हा तपशील गोतसभेच्या गौरवगाथांत सहसा सापडत नाही.

इथे रामशास्त्री प्रभुण्यांचे नाव आठवणे अपरिहार्य आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्या प्रकरणात रघुनाथरावांना देहान्त प्रायश्चित्ताखेरीज दुसरे प्रायश्चित्त नाही असे रामशास्त्र्यांनी सुनावले आणि ते पुणे सोडून गेले, अशी परंपरा आहे. न्यायाधीश पेशव्यांच्या दरबारचा आणि आरोपी खुद्द पेशवा. यापेक्षा बिकट हितसंबंध कल्पिणे कठीण. याच रघुनाथरावांचा वाडा नाशिकला गोदाकाठी होता आणि तिथली आनंदवल्ली आजही आनंदीबाईंचे नाव सांगते. मराठी मनाने निःपक्षपातीपणाची कल्पना रामशास्त्री या एका माणसात साठवली. ‘रामशास्त्री बाणा’ हा शब्दप्रयोग त्यातूनच आला. पण रामशास्त्री शतकातून एखादाच जन्मतो. परस्थळाची तरतूद सामान्य वकुबाच्या, सोयरीक असलेल्या, भिडस्त माणसांना गृहीत धरून केलेली होती. रोजच्या कारभाराला तीच अधिक उपयोगाची.

आता मुंबईच्या मैदानाकडे वळू. फुटबॉल क्षणभर बाजूला ठेवून क्रिकेट पाहावे लागेल, कारण पंचाच्या हितसंबंधांचा प्रश्न इथे क्रिकेटमध्ये सर्वांत तीव्रपणे उभा राहिला.

१८९२ पासून मुंबई इलाख्यात युरोपीय आणि पारशी यांचे सामने रंगू लागले. १९०७ मध्ये हिंदू संघ आला आणि स्पर्धा तिरंगी झाली. १९१२ मध्ये मुस्लिम संघ येऊन ती चौरंगी झाली. संघ धर्मावर आधारलेले, प्रेक्षक धर्मानुसार विभागलेले, आणि पंच? ते बॉम्बे जिमखान्याकडून येणारे युरोपीय. युरोपीय संघ स्वतः खेळत असतानाही पंच युरोपीयच. जिमखान्याचे सभासदत्व एतद्देशीयांना बंद होते. १८८० च्या दशकात याच शहरात युरोपीयांच्या पोलोच्या घोड्यांनी एस्प्लनेडवरच्या देशी क्रिकेटपटूंच्या खेळपट्ट्या उखडल्या होत्या आणि त्याविरुद्धचे अर्ज गोऱ्या अधिकाऱ्यांपुढेच गेले होते. त्यामुळे पायचीतच्या एखाद्या निर्णयाकडे कोणी केवळ पायचीत म्हणून पाहत नसे.

१९१७ मध्ये नियम बदलला. जे दोन संघ खेळत असतील त्यांच्याबाहेरचे पंच नेमायचे : हिंदू आणि मुस्लिम खेळत असतील तर पंच पारशी किंवा युरोपीय, युरोपीय आणि पारशी खेळत असतील तर हिंदू किंवा मुस्लिम. परस्थळाचीच ही कल्पना. फरक इतकाच की इथे वाद दुसऱ्या गावी जात नव्हता, परका माणूस वादाकडे येत होता. कसोटी क्रिकेटने तटस्थ पंचांचा नियम स्वीकारला तो यानंतर सुमारे पाऊण शतकाने. मुंबईच्या क्रिकेटचा इतिहास सांगताना धावा आणि शतके मोजली जातात; या नियमाचा उल्लेख क्वचितच होतो. खरे तर तो एखाद्या त्रिशतकाच्या तोडीचा आहे.

या नियमाला एक बोचरी बाजूही होती. पंचाची पात्रता त्याच्या जमातीवरून ठरू लागली. अमुक माणूस पारशी आहे म्हणून तो इथे चालेल, तमुक हिंदू आहे म्हणून चालणार नाही. माणूस आपल्या जमातीबाहेर जाऊन विचार करूच शकत नाही, हे गृहीतक नियमातच कोरले गेले. स्पर्धेची रचनाच जमातींवर उभी असल्याने दुसरा मार्गही नव्हता.

आणि तटस्थ पंच सीमारेषेच्या आतले पाहतो. संघ निवडणाऱ्या समितीपर्यंत त्याचे बोट पोहोचत नाही. पळवणकर बाळू हे त्या काळचे भारतातील सर्वश्रेष्ठ गोलंदाजांपैकी एक. १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपीयांना हरवले त्यात त्यांचा मोठा वाटा होता. पण ते चर्मकार समाजातले. कर्णधारपद त्यांच्याकडे कधी आले नाही. १९२० मध्ये त्यांना संघातून वगळण्यात आले. कर्णधार एम. डी. पै आजारी असताना बाळूंचे बंधू विठ्ठल यांचा हक्क डावलून नेतृत्व दि. ब. देवधरांकडे देण्यात आले. विठ्ठल आणि शिवराम हे दोघे बंधू निषेध म्हणून संघाबाहेर पडले. गदारोळ झाला, अंतिम सामन्यासाठी बाळूंना उपकर्णधार म्हणून परत बोलावले गेले, आणि पै मैदानाबाहेर गेले तेव्हा काही काळ त्यांनी संघाचे नेतृत्व केले. विठ्ठल कर्णधार झाले १९२३ मध्ये, आणि त्या वर्षी हिंदू संघाने स्पर्धा जिंकली. हिंदू आणि युरोपीय यांच्यात निवाडा करायला पारशी पंच मिळत होता. सवर्ण निवड समिती आणि बाळू यांच्यात निवाडा करणारे थळ कुठेच नव्हते.

फुटबॉलमध्ये दरम्यान एक साधा नियम रूढ झाला : खेळणाऱ्या देशांपैकी कोणाचाही रेफरी नको. पुरेसा वाटणारा हा नियम १९६६ मध्ये उघडा पडला. २३ जुलै रोजी उपांत्यपूर्व फेरीत इंग्लंड–अर्जेंटिना सामन्याला रेफरी होते पश्चिम जर्मनीचे रुडॉल्फ क्राइटलाइन, आणि पश्चिम जर्मनी–उरुग्वे सामन्याला इंग्लंडचे जिम फिनी. क्राइटलाइननी अर्जेंटिनाचा कर्णधार रातिन याला मैदानाबाहेर काढले. फिनींनी उरुग्वेचे दोन खेळाडू काढले. इंग्लंड आणि पश्चिम जर्मनी दोघेही जिंकले आणि पुढे अंतिम सामन्यात भेटले. नियम कुठेही मोडला नव्हता. तरीही दक्षिण अमेरिकेत या निकालांकडे अनेक जण आजही कट म्हणूनच पाहतात. दोन्ही नेमणुका वेगवेगळ्या पाहिल्या तर तटस्थ आहेत; शेजारी ठेवल्या की देवाणघेवाणीसारख्या दिसतात.

कसोटी क्रिकेटमध्ये तटस्थ पंचांचा आग्रह धरणाऱ्यांत पाकिस्तानचे कर्णधार इम्रान खान आघाडीवर होते. यजमान देशाचे पंच यजमानांना झुकते माप देतात, ही पाहुण्या संघांची जुनीच तक्रार. नोव्हेंबर १९८६ मध्ये लाहोरला पाकिस्तान–वेस्ट इंडीज कसोटीसाठी शेजारच्या भारतातून दोन पंच बोलावले गेले : व्ही. के. रामस्वामी आणि मुंबईचे पिलू रिपोर्टर. १९१२ च्या इंग्लंडमधील तिरंगी मालिकेनंतर कसोटीत तटस्थ पंच प्रथमच उभे राहत होते. ज्या शहराने १९१७ मध्ये ही पद्धत अंगीकारली, त्याच शहराचा एक पारशी पंच लाहोरला गेला, ही इतिहासाची लहानशी मौज. पाकिस्तानने तो सामना डावाने गमावला. पंचांवर बोट ठेवायला मात्र कोणालाच जागा उरली नाही.

पुढच्याच वर्षी फैसलाबादला स्थानिक पंच शकूर राणा आणि इंग्लंडचे कर्णधार माइक गॅटिंग यांच्यात भर मैदानात बोटे नाचवून भांडण झाले आणि एक संपूर्ण दिवस वाया गेला. १९९४ पासून प्रत्येक कसोटीत एक तटस्थ पंच आला, २००२ पासून दोन्ही.

इटलीत २००६ मध्ये प्रश्न आणखी एक पायरी वर सरकला. युव्हेंटसचे व्यवस्थापक लुचानो मोज्जी हे रेफरींच्या नेमणुका करणाऱ्या अधिकाऱ्यांशी फोनवर बोलत असल्याचे उघड झाले. मैदानातल्या माणसाला गाठण्याची गरजच नव्हती. त्याला निवडणारा गाठला की पुरे. युव्हेंटसची दोन विजेतेपदे गेली आणि संघाची दुसऱ्या श्रेणीत रवानगी झाली.

इंग्लंडमध्ये आता व्यावसायिक रेफरीला आपण कोणत्या क्लबचे पाठीराखे आहोत हे आधी जाहीर करावे लागते आणि त्या क्लबचे सामने त्याला दिले जात नाहीत. बालपणी कोणत्या संघाचा गळपट्टा गुंडाळला होता, हेही नोंदीत येते. विश्वचषकात तर स्वतःचा देश जितका पुढे जाईल, तितके रेफरीचे पुढचे सामने दुरावतात. २७ जून २०१० रोजी ब्लूमफाँटेनला इंग्लंड जर्मनीकडून ४–१ असा हरला. चौदा दिवसांनी जोहान्सबर्गला स्पेन आणि नेदरलँड्स यांच्यातील अंतिम सामना सुरू झाला, तेव्हा शिटी वाजवली ती इंग्लंडच्या हॉवर्ड वेब यांनी.