मागे पडलेला उमेदवार आणि दुसरी पसंती



काठीच्या होळीला जायचं हे गेली कितीतरी वर्षं नुसतं ठरत होतं. या खेपेला एकदाचं जमलं. अक्कलकुवा, मोलगी असं करत सातपुड्यात शिरलो तेव्हा अंधार पडला होता. काठीची राजवाडी होळी पेटते थेट पहाटे, म्हणजे रात्रभर जागरण. मोरपिसांचे टोप घातलेले, कमरेला घुंगरं बांधलेले लोक डोंगरातून येत होते, ढोल वाजत होते. मोबाईलला रेंज नाही. शेकोटीशी एक निवृत्त गुरुजी भेटले आणि गप्पा सुरू झाल्या. आता शहरातला माणूस गप्पांत काय आणणार? अमेरिका! :)

मी त्यांना २००८ चा किस्सा सांगितला. तेव्हा मी पुण्यात नाईट शिफ्टला होतो. क्लायंट अमेरिकन बँक. सप्टेंबरमध्ये लेहमन बुडाली होती आणि आमच्या अख्ख्या टीमच्या पोटात गोळा आला होता. १६ ऑक्टोबरला सकाळी साडेसहाला (तिकडे १५ तारखेची रात्र) घरी जायचं सोडून आम्ही सगळे ओबामा आणि मॅकेन यांचा तिसरा, शेवटचा डिबेट बघायला थांबलो. मॅकेन सगळ्या पाहण्यांमध्ये मागे होते. मतदानाला तीन आठवडे उरलेले. प्रश्न एकच : दीड तासात हा माणूस बाजी पलटवेल का?

मॅकेन त्या रात्री वाईट बोलले नाहीत. 'ज्यो द प्लंबर' त्याच डिबेटमुळे घराघरात पोचला. पण ४ नोव्हेंबरला निकाल लागला ३६५ विरुद्ध १७३. बँका कोसळत असताना सत्ताधारी पक्षाचा उमेदवार नुसत्या बोलण्यावर किती तगणार? मागच्याची गाडी डिबेटने पुढे जायला मुळात सामना अटीतटीचा असावा लागतो. १९८० मध्ये रेगन आणि कार्टर यांचा एकुलता एक डिबेट मतदानाच्या आठवडाभर आधी झाला आणि रेगन यांना त्याचा फायदा झाला, पण तिथे अंतर मुळातच थोडं होतं.

गुरुजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "भाऊ, अमेरिकेचं ठीक आहे. पण आपला एक मराठी माणूस राष्ट्रपतीपदाला उभा होता. पहिल्या दिवसापासून मागे. तो कोण, ते सांगा."

मी प्रतिभाताई म्हणणार होतो, पण त्या तर जिंकल्या. मग गुरुजींनीच सांगितलं : चिंतामणराव देशमुख, १९६९.

च्यायला! देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, हे मला माहीत होतं. ही निवडणूक शाळेत कुणी शिकवली नव्हती. परत आल्यावर दोन वीकेंड त्यातच गेले.

आधी माणूस बघा. जन्म १८९६, महाडजवळच्या नाते गावचा. मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती, आयसीएसला पहिला नंबर. १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर, १९४४ मध्ये ब्रेटन वुड्सच्या परिषदेत भारताचे प्रतिनिधी. १९५० पासून नेहरूंचे अर्थमंत्री. १९५६ मध्ये मुंबई महाराष्ट्राला मिळत नाही म्हणून सरळ राजीनामा. पुढे विद्यापीठ अनुदान आयोग, दिल्ली विद्यापीठाचं कुलगुरूपद. फावल्या वेळात मेघदूताचं मराठी भाषांतर! आपण फावल्या वेळात काय करतो ते नको बोलायला.

आता १९६९. ३ मे रोजी राष्ट्रपती झाकीर हुसेन पदावर असतानाच वारले. जुलैत बंगलोरला काँग्रेसच्या संसदीय मंडळाने इंदिरा गांधींना अल्पमतात टाकून नीलम संजीव रेड्डींचं नाव ठरवलं. बाईंनी मोरारजींकडून अर्थखातं काढून घेतलं, १९ जुलैला १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण केलं. दुसऱ्याच दिवशी उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी राजीनामा देऊन अपक्ष उतरले. आणि स्वतंत्र पक्ष व जनसंघ यांनी उभं केलं ७३ वर्षांच्या देशमुखांना.

गंमत बघा. हे दोन्ही पक्ष बँक राष्ट्रीयीकरणाच्या विरोधात. आणि त्यांचा उमेदवार कोण, तर ज्याने अर्थमंत्री असताना इम्पीरियल बँकेची स्टेट बँक केली आणि आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण केलं तो माणूस!

देशमुखांना चान्स किती? शून्य. मतदार म्हणजे खासदार आणि आमदार, आणि दोन्ही पक्षांची मिळून ताकद तुटपुंजी. डिबेटचा तर प्रश्नच नाही. टीव्ही होता फक्त दिल्लीच्या आसपास. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. खुद्द अमेरिकेतही १९६० नंतर थेट १९७६ पर्यंत राष्ट्राध्यक्षीय डिबेट झाले नाहीत. पण आपल्याकडे मागे पडलेल्या उमेदवाराला एक वेगळीच किंमत होती आणि ती मतपत्रिकेच्या नियमात दडलेली होती.

आमच्या धंद्यातल्या लोकांना हा अल्गोरिदम आवडेल. राष्ट्रपती निवडताना शिक्का मारत नाहीत, उमेदवारांपुढे १, २, ३ असे आकडे लिहितात. वैध मतांच्या निम्म्यापेक्षा एक जास्त हा कोटा. पहिल्या पसंतीत तो कुणीच गाठला नाही, तर सगळ्यात खालचा उमेदवार बाद आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीप्रमाणे वाटायच्या. कुणी कोटा गाठेपर्यंत लूप चालू.

म्हणजे देशमुख हरणार हे नक्की असल्यामुळेच त्यांच्या मतपत्रिकेवरच्या '२' ला भाव आला. काँग्रेसचे अध्यक्ष निजलिंगप्पा यांनी जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाच्या नेत्यांना भेटून तो '२' रेड्डींना मागितला. इथेच घात झाला. बघा, आपले अध्यक्ष उजव्या पक्षांशी हातमिळवणी करताहेत, असा इंदिराबाईंच्या गटाने गहजब केला. रेड्डींच्या अर्जावर खुद्द बाईंची सही होती, तरी त्यांनी पक्षादेश काढायला नकार दिला आणि सदसद्विवेकबुद्धीला स्मरून मत द्या म्हणून सांगितलं. शेवटचा डिबेट म्हणायचाच, तर तो हा. आणि त्यात तिन्हींपैकी एकाही उमेदवाराचं भाषण नव्हतं!

१६ ऑगस्टला मतदान, २० ला मोजणी. वैध मतमूल्य ८,३६,३३७, कोटा ४,१८,१६९. पहिली पसंती : गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८, देशमुख १,१२,७६९. बाकी किरकोळ उमेदवार मिळून ८,५०५. कोटा कुणालाच नाही.

मग लूप चालू झाला. किरकोळ उमेदवार बाद, शेवटी देशमुख बाद. अखेरचे आकडे : गिरी ४,२०,०७७, रेड्डी ४,०५,४२७. गिरी कोट्याच्या वर गेले ते फक्त १,९०८ ने.

आता वजाबाक्या करू. बाद झालेल्या सगळ्यांकडून रेड्डींना मिळाले ९१,८७९, म्हणजे निजलिंगप्पांची मागणी बरीचशी पुरी झाली. १०,८३३ मूल्याच्या मतपत्रिकांवर पुढची पसंतीच नव्हती. आणि गिरींना मिळाले १८,५६२. ते सगळे १०,८३३ रेड्डींना मिळाले असते, तरी रेड्डी हरलेच असते. पण गिरींच्या त्या १८,५६२ पैकी फक्त ७,३२६ रेड्डींकडे वळले असते, तर राष्ट्रपती बदलला असता. नोव्हेंबरमध्ये काँग्रेस फुटली ती कोणत्या बाजूने आणि कशी फुटली असती, कुणास ठाऊक!

माझ्या मनात मात्र देशमुखच राहिले. तिघांत सगळ्यात मोठी कारकीर्द बहुधा त्यांची. पण त्या ऑगस्टमध्ये त्यांच्या गुणांवर फारशी चर्चाच नव्हती, चर्चा होती ती त्यांच्या खालच्या आकड्यावर. मॅकेनना हरण्याआधी निदान दीड तास देशासमोर बोलायला तरी मिळालं. रेड्डी १९७७ मध्ये बिनविरोध राष्ट्रपती झाले. देशमुखांना आणि दुर्गाबाईंना १९७५ मध्ये पद्मविभूषण मिळालं, आणि १९८२ मध्ये ते गेले.

हे सगळे आकडे मी गुरुजींना फोन करून सांगितले. त्यांचा पहिला प्रश्न, "आमच्या आमदाराच्या मताची किंमत किती?"

१९७१ ची लोकसंख्या ५,०४,१२,२३५, भागिले २८८ आमदार, भागिले १०००. उत्तर १७५. काठी ज्या अक्कलकुवा मतदारसंघात येतं, तो राज्याच्या यादीत नंबर एकचा. त्याच्या आमदाराचे १७५ आणि मलबार हिलच्या आमदाराचेही १७५.

"म्हणजे असे बेचाळीस जण तिकडचे इकडे झाले असते तर..." गुरुजींनी तोंडी भागाकार केला होता. मी कॅल्क्युलेटर काढला. १७५ गुणिले ४२, ७,३५०. बरोबर.

१९६९ मध्ये आमदारांच्या मताची किंमत राज्याराज्यात वेगळी होती, तेव्हा हिशोब काटेकोर नाही. पण इतक्या मोठ्या देशात साधारण एवढीच माणसं आड आली होती.

असो. पुढच्या वेळी निकाल बघताना तिसऱ्या नंबरकडेही जरा बघा. आणि काठीला एकदा जाऊन याच. रेंज नसते, तेच बरं.